कंपनीच संपली, तर डायरी कोण लिहिणार?

१९६२ च्या नोव्हेंबरातला तिसरा आठवडा. लडाखमध्ये चुशूलला १३ कुमाऊं बटालियनच्या मुख्यालयाकडे वरच्या खिंडीतून मोजके जखमी जवान कसेबसे उतरून आले. कुणी रात्रभर बर्फातून खुरडत आलेला, कुणी दोन्ही हातांना गोळ्या लागलेल्या अवस्थेत चिन्यांच्या तावडीतून निसटलेला. सगळे एकच सांगत होते. आपली सी कंपनी आता उरली नाही. सगळे आपापल्या मोर्च्यात लढता लढता पडले. मेजरसाहेब गेले. मागे कुणी हटलं नाही.

ऐकणाऱ्यांना ते खरं वाटेना.

त्यांनाही पुरता दोष देता येत नाही. त्याच दिवसांत पूर्वेकडे सेला आणि बोमदिला पडले होते. हजारो सैनिकांच्या माघारीच्या, पांगापांगीच्या बातम्या दिल्लीत थडकत होत्या. देश पराभवाच्या धक्क्यात होता. अशा वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जवान खाली येतात आणि म्हणतात, बाकीचे शेवटच्या गोळीपर्यंत लढले. मग पहिला प्रश्न हाच उठतो : तुम्ही कसे जिवंत? त्या प्रश्नात संशय असतो आणि ज्याला तो विचारला जातो त्याला तो आयुष्यभर पुरतो. वाचलेल्यांपैकी काहींना पुढे आपल्याच मुलखात पळपुटे म्हणून बोलणी खावी लागली, असं नंतर छापून आलेल्या वृत्तांतांमध्ये आहे.

रेझांग ला ही चुशूल खोऱ्याच्या आग्नेयेची खिंड. उंची १६,००० फुटांहून जास्त. खाली चुशूलची धावपट्टी, आणि ती हातची गेली तर लेहचा रस्ता उघडा. खिंड राखायला मेजर शैतानसिंग यांची सी कंपनी होती, सुमारे १२० माणसं. मेजर जोधपूरकडचे भाटी राजपूत. कंपनी जवळजवळ सगळी अहिरांची, आजच्या हरियाणातल्या रेवाडी-महेंद्रगड पट्ट्यातली. सपाट मैदानातली शेतकऱ्यांची पोरं ती. यापूर्वी त्यांतल्या अनेकांनी बर्फ पाहिलासुद्धा नव्हता. हातात पहिल्या महायुद्धाच्या काळातली थ्री-नॉट-थ्री रायफल, दर गोळीला बोल्ट ओढायचा. थोड्या लाइट मशिनगन, थोड्या मॉर्टर. आपल्या तोफा होत्या, पण तोफा आणि खिंड यांच्यामध्ये डोंगराची धार आडवी येत होती. त्यामुळे तोफखान्याचा मारा रेझांग लापर्यंत पोचतच नव्हता. ही गोष्ट कंपनीला आधीपासून ठाऊक होती.

१८ नोव्हेंबरला, रविवारी, पहाटे हल्ला झाला. पहिल्या लाटा परतवल्या गेल्या. मग शत्रूच्या तोफा आणि मॉर्टर सुरू झाले, टेलिफोनच्या तारा तुटल्या, आणि बाजूने, पाठीमागून चढाई झाली. मेजर एका प्लाटूनकडून दुसऱ्या प्लाटूनकडे जात राहिले आणि त्यातच जबर जखमी झाले. त्यांना उचलून नेऊ पाहणाऱ्या जवानांना त्यांनी स्वतःला खडकाच्या आडोशाला ठेवून निघून जायला सांगितलं. हे सगळं आपल्याला कसं कळतं? त्या वाचलेल्या, ज्यांच्यावर विश्वास बसत नव्हता त्या जवानांच्या तोंडून. दुसरा साक्षीदारच नाही.

चीनने २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी केली. रेझांग ला बर्फाखाली गेली आणि दोन्ही सैन्यांच्या मधल्या निर्मनुष्य पट्ट्यात अडकली. तिथे जाऊन शहानिशा करणं शक्य नव्हतं. तीन महिने त्या कंपनीची हकीकत म्हणजे फक्त काही जखमींचं बोलणं होतं.

मग कडाक्याच्या थंडीत एक लडाखी मेंढपाळ फिरत फिरत खिंडीत गेला आणि त्याने जे पाहिलं ते खाली येऊन सांगितलं. फेब्रुवारी १९६३ मध्ये रेडक्रॉसच्या मदतीने भारतीय तुकडी वर गेली. बर्फाने सगळं जसंच्या तसं राखलं होतं. जवान आपापल्या मोर्च्यात होते, हातातली हत्यारं सुटलेली नव्हती. एका मॉर्टरवाल्याच्या हातात बॉम्ब तसाच होता. कंपनीचा नर्सिंग असिस्टंट धरमपाल दहिया हातात सिरिंज आणि बँडेज घेऊन गोठला होता. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी लिहून ठेवलंय की कंपनीजवळच्या हजार मॉर्टर बॉम्बपैकी सात सोडून सगळे डागले गेले होते. ९६ देह मिळाले. मेजर शैतानसिंग खडकाशी सापडले, जवानांनी सांगितलं होतं तसे. त्यांच्यावर जोधपूरला अंत्यसंस्कार झाले.

जवान खरं बोलत होते हे असं सिद्ध झालं. कंपनीला एक परमवीर चक्र आणि आठ वीर चक्रं मिळाली. लढाईतल्या कुठल्याही एका कंपनीला एवढं क्वचितच मिळतं.

आता जरा उलटं धरून पाहू. तो मेंढपाळ त्या वाटेने गेला नसता तर? उन्हाळ्यात बर्फ वितळलं असतं, गिधाडं आणि लांडगे आले असते, आणि त्या खिंडीत काय घडलं याचा पुरावा म्हणून फक्त त्या जखमींच्या जबान्या उरल्या असत्या. त्यांवर कोणी पानंच्या पानं इतिहास लिहिला असता असं मला वाटत नाही. रेझांग ला आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे, २०२५ मध्ये तिच्यावर ‘१२० बहादुर’ हा हिंदी चित्रपटही आला. पण तिची जागा इतिहासात पक्की केली ती थंडीने. अशी किती ठिकाणं असतील, जिथे बर्फ नव्हतं?

*

युद्धाची सरकारी नोंद कशी तयार होते, हे समजलं की त्यातली भोकं कुठे पडतात तेही दिसतं. मुळाशी असते वॉर डायरी. लढाईवर असलेल्या प्रत्येक पलटणीने ती ठेवायची, असा ब्रिटिश काळापासूनचा शिरस्ता. तारीख, वेळ, ठिकाण, घडलेली गोष्ट. ती लिहितो बटालियनच्या मुख्यालयात बसलेला अधिकारी, बहुधा अ‍ॅडज्युटंट किंवा त्याचा सहायक. त्याच्याकडे माहिती येते वायरलेसवरून, टेलिफोनवरून, आणि लढाईनंतर कंपनी कमांडरांच्या अहवालांतून. त्या डायरीवरून ब्रिगेडचा अहवाल होतो, ब्रिगेडच्या अहवालावरून डिव्हिजनचा, तिथून कोअरचा. अनेक वर्षांनी इतिहासकार हा गठ्ठा उघडतो.

म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त दिसलं, तो या साखळीच्या सगळ्यात खाली आणि लेखणीपासून सगळ्यात लांब. तार तुटली की डायरीत फार तर ‘कंपनीशी संपर्क नाही’ एवढं येणार. कंपनी कमांडर पडला की त्या कंपनीचा अहवाल लिहायला कोणी उरत नाही. आणि यात एक विचित्र न्याय आहे : जी तुकडी वेळेवर मागे फिरली तिचा अधिकारी जिवंत असतो, त्याच्याजवळ वेळ असतो, तो मुद्देसूद अहवाल लिहितो. जी तुकडी जागेवर संपली तिच्याबद्दल एक ओळ.

शौर्यपदकांचंही असंच. पदकाची शिफारस व्हायची तर कुणीतरी पाहिलेलं असावं लागतं, आणि पाहणारा जगावा लागतो. नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांचं उदाहरण घ्या. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. मराठा रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचा हा शिपाई सुरुंगांच्या पट्ट्यातून जखमी साथीदारांना नदीपार घेऊन आला, एकट्याने मशिनगनच्या जागा उडवल्या, आणि मग नदीच्या बांधावर उभा राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत मागच्यांना बोलावलं. मागचे आले, त्यांनी पाहिलं, जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते स्वतःही जगले, १९८४ पर्यंत. बांधाच्या वर उभं राहून केलेलं शौर्य दिसतं. चिखलाच्या खड्ड्यात, रात्री, एकट्याने केलेलं दिसत नाही. पदकं मिळालेल्यांचं यात काहीच कमी होत नाही. पदकांची यादी म्हणजे शौर्याची यादी, असं आपण धरून चालतो, ते चुकतं एवढंच.

मागे जाऊ तसा अंधार वाढत जातो. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी पलटणींच्या वॉर डायऱ्या लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत. चाळल्या तर दिसतं की गोऱ्या अधिकाऱ्याला खरचटलं तरी त्याचं नाव येतं आणि हिंदी शिपाई पडले तर आकडा येतो. ‘अदर रँक्स’ इतके ठार, इतके जखमी. महाराष्ट्रात हा हिशेब दगडावरही कोरलेला आहे. साताऱ्याकडे, कोकणात, पुण्याच्या आसपास अनेक गावांच्या चावडीत किंवा वेशीत संगमरवराची छोटी पाटी दिसते : या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस. नाव नाही, पलटण नाही, कुठे पडले तेही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’च म्हणतात; त्या युद्धात गावचे ४६ जण कामी आले, हा आकडा तिथे पोरासोरांनाही पाठ आहे.

त्या काळी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जी फौज कुत-अल-अमाराला वेढली गेली तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं. तीत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. शेवटी घोडे खाऊन दिवस काढले आणि शरणागती पत्करली. कैद झालेल्यांना वाळवंटातून तुर्कस्तानाकडे पायी हाकललं गेलं, वाटेत हजारो मेले. या सगळ्यावर ब्रिटिश अधिकाऱ्यांची आठवणींची पुस्तकं कपाटभर आहेत. बंगालीतही एक लखलखीत पुस्तक आहे. बेंगाल अ‍ॅम्ब्युलन्स कोअरमधल्या शिशिर सर्वाधिकारी या तरुणाने कैदेत चोरून डायरी ठेवली, तिची पानं बुटात लपवून आणली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘अभि ले बगदाद’ नावाने प्रसिद्ध केली. मराठा पलटणींतले बहुतेक शिपाई निरक्षर होते. त्यांची कुतची गोष्ट घराच्या ओसरीवर सांगितली गेली असेल आणि नातवंडांबरोबर संपली असेल.

एक गंमत, कडवट आहे, पण सांगायला हवी. त्या युद्धात जर्मनांच्या हाती लागलेल्या हिंदी कैद्यांना बर्लिनजवळच्या ‘हाफ मून’ छावणीत ठेवलं होतं. तिथे जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी त्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले. डिसेंबर १९१६ मध्ये मल्लसिंग नावाच्या शीख शिपायाने तिथल्या यंत्रासमोर उभं राहून आपली घरची ओढ सांगितली. तो आवाज आजही ऐकता येतो. ज्या सरकारसाठी तो लढला त्याने त्याचं म्हणणं टिपलं नाही. शत्रूने टिपलं, आणि तेही उच्चारांच्या अभ्यासासाठी.

*

स्वातंत्र्यानंतर कागद आपल्या हातात आले. पण कागद असणं वेगळं आणि ते वाचता येणं वेगळं.

१९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली. अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की त्यातला मजकूर अतिशय संवेदनशील आहेच, शिवाय आजही त्याला लष्करी महत्त्व आहे, म्हणून तो उघड करता येत नाही. चार वर्षांनी नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा मोठा भाग स्वतःच जगापुढे ठेवला. त्या युद्धाचा अधिकृत इतिहासही संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने लिहून घेतला. लेखक होते पी. बी. सिन्हा आणि पुण्याचे कर्नल अनिल आठल्ये. १९९२ मध्ये तो तयार झाला, त्याच्यावर ‘रिस्ट्रिक्टेड’ असा शिक्का बसला आणि तो लोकांपर्यंत पोचला तो फुटून. इतिहास लिहायला सरकारनेच सांगायचं, लिहून झाला की कुलपात ठेवायचा, आणि नंतर तो चोरवाटेने बाहेर यायचा. आपल्याकडची रीत ही अशी.

त्या कोंडीतून एक आठवण मात्र वेळेवर बाहेर पडली. पूर्व आघाडीवर नामका चू नदीच्या काठावर ज्यांची सातवी ब्रिगेड चिरडली गेली ते ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी सात महिने चीनच्या कैदेत होते. मे १९६३ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी लिहायला घेतलेलं ‘हिमालयन ब्लंडर’ १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. दिल्लीतल्या कुठल्या खुर्चीतून कुठला हुकूम आला, माणसं सुती कपड्यांत १४,००० फुटांवर कशी पाठवली गेली, हे त्यांनी नावानिशी लिहिलं. सरकारला ते रुचलं नाही. पण दळवी ब्रिगेडियर होते, इंग्रजीत लिहीत होते, त्यांना प्रकाशक मिळाला. त्यांच्या हुकुमाखाली त्याच नदीकाठी उभा असलेला शिपाई कुठे लिहिणार होता?

१९७१ हे तर जिंकलेलं युद्ध. लपवण्यासारखं काही नाही, असं वाटेल. लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी सांगितलंय की १९७४ मध्ये ते पूर्व कमांडचे प्रमुख झाले तेव्हा त्यांनी युद्धाचे कागद पाहायला मागितले. उत्तर मिळालं, ते नष्ट केले आहेत. ज्या कमांडने तेरा दिवसांत एक देश मोकळा केला तिच्या युद्धाच्या फायली तीन वर्षांत कापून टाकल्या गेल्या. मुक्तिवाहिनीला दिलेल्या प्रशिक्षणाचे तपशील लपवायचे होते, की कुणाच्या अतिहुशारीने हे झालं, यावर तर्क लढवता येतील. परिणाम एकच : त्या युद्धाच्या पूर्वेकडच्या बाजूसाठी आता आठवणींवर अवलंबून राहणं भाग आहे. आणि त्या वेळी विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या घरात आहे.

कारगिलपर्यंत येऊ. बटालिक भागात लढलेल्या ७० ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर देविंदर सिंग यांचं म्हणणं होतं की आपल्या ब्रिगेडने केलेल्या लढाईची अधिकृत नोंद वरच्या पातळीवर बदलली गेली आणि श्रेय दुसरीकडे गेलं. ते सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेले. मे २०१० मध्ये न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि लढाईच्या वृत्तांतात दुरुस्ती करायला सांगितलं. एका ब्रिगेडियरला आपली आठवण कागदावर आणण्यासाठी अकरा वर्षं आणि न्यायालयाची पायरी लागली.

*

इथवर वाचून वाटेल की कागद खोटे आणि म्हातारे सैनिक खरे. तसं मुळीच नाही. आठवणसुद्धा कमी लबाड नसते.

रेझांग लाचंच घ्या. भारतीय कथनांमध्ये त्या एका सकाळी हजाराहून जास्त चिनी सैनिक मारल्याचा आकडा फिरत राहतो. चीनचा स्वतःचा अधिकृत आकडा मात्र संपूर्ण युद्धात, दोन्ही आघाड्या धरून, ७२२ ठार एवढाच आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. बहुधा दोन्ही आपापल्या परीने चुकीचे असावेत. मोर्च्यातल्या माणसाला समोर पडणारे दिसतात. पडलेला ठार झाला की आडोसा घ्यायला पडला, हे धुरात आणि अंधारात त्याला कळत नाही. तो मोजत नसतो, तो बोल्ट ओढत असतो. आपल्या बाजूचा आकडासुद्धा स्थिर नाही. चुशूलच्या स्मारकावर ११४ हुतात्मे आहेत. पुस्तकांमध्ये ११० पासून पुढे वेगवेगळे आकडे भेटतात. मेजरसाहेबांच्या शेवटच्या तासांच्या हकीकती, कुणी उचललं, कुठवर नेलं, कोण किती वेळ सोबत थांबलं, या वाचलेल्यांच्या सांगण्यात तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय कंपनीत एका नावाची माणसं होतीच. एक जमादार रामचंदर, प्लाटून कमांडर, वीर चक्र मिळवणारे. दुसरे रामचंदर यादव, मेजरसाहेबांचे रेडिओ ऑपरेटर. वर्तमानपत्रांतून या दोघांची सरमिसळ व्हायला किती वेळ लागणार?

असल उत्तरच्या लढाईतल्या अब्दुल हमीदांचंही तसंच. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या उसाच्या फडांत जीपवरच्या रिकॉइललेस गनने त्यांनी पॅटन रणगाडे उडवले, परमवीर चक्र मिळालं. किती उडवले? प्रशस्तिपत्रातला आकडा आणि त्यांच्या पलटणीतले लोक सांगतात तो आकडा वेगळा आहे, आणि इथे पलटणीचा आकडा मोठा आहे. पलटणीचं स्पष्टीकरण साधं आहे : शिफारस आधी लिहून गेली आणि त्यानंतरच्या लढाईतले रणगाडे तिच्यात आलेच नाहीत. हे पटण्याजोगं आहे. कागद त्या क्षणी थांबतो, लढाई थांबत नाही.

आठवणी गोळा करणाराही चुकू शकतो. अमेरिकन सैन्याचे इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी दुसऱ्या महायुद्धात एक नवी पद्धत काढली. लढाई संपली की तुकडीतल्या सगळ्यांना, शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत, एकत्र बसवायचं आणि प्रत्येकाने काय पाहिलं ते क्रमाने सांगायचं. एक चुकला तर दुसरा तिथल्या तिथे टोकतो. पद्धत उत्तम, आजही तिचं नाव निघतं. पण त्याच मार्शलनी १९४७ च्या पुस्तकात ठोकून दिलं की लढाईत चारातला जेमतेम एक शिपाई गोळी झाडतो. जगभरच्या सैन्यांनी त्यावरून प्रशिक्षण बदललं. चाळीस वर्षांनी रॉजर स्पिलर या इतिहासकाराने त्यांच्या वह्या तपासल्या, तर त्या आकड्याला आधार देणारी मोजणीच सापडेना.

तेव्हा आठवण ही साक्ष आहे, निकाल नव्हे. कोर्टात साक्षीदार गडबडला म्हणून त्याला बोलावायचंच नाही असं कोणी करत नाही. त्याची उलटतपासणी करतात, दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहतात, जागेचा पंचनामा करतात. रेझांग लाचा पंचनामा बर्फाने केला आणि जवान मुख्य मुद्द्यावर खरे ठरले : कंपनी जागेवर होती. शत्रूचे किती पडले, यावर त्यांचा शब्द कमी भरवशाचा. एकाच माणसाच्या सांगण्यातल्या दोन गोष्टींना दोन वेगळी वजनं द्यावी लागतात, आणि हे काम चिकाटीचं आहे. आपल्याकडे ते टाळण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. कागदात नाही म्हणून झालंच नाही म्हणायचं, किंवा फौजीने सांगितलं म्हणजे शंका घ्यायचीच नाही. दुसरा मार्ग आजकाल जास्त लोकप्रिय आहे, आणि तो सैनिकाचा सन्मान वाटत असला तरी त्याच्या साक्षीचं त्याने नुकसानच होतं.

*

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धकागदांबद्दल नवं धोरण मंजूर केलं. वॉर डायऱ्या, नौदलाची ‘लेटर्स ऑफ प्रोसिडिंग्ज’, हवाई दलाची ‘ऑपरेशनल रेकॉर्ड बुक्स’ इतिहास विभागाकडे सोपवायची. युद्ध किंवा मोहीम संपल्यापासून दोन वर्षांत समिती नेमायची. पाच वर्षांत इतिहास संकलित करायचा. कागद साधारण २५ वर्षांत खुले करायचे. चांगलं आहे. मंत्रालयाने नावानिशी दिलेल्या यादीत कागद आहेत, माणसांच्या मुलाखती नाहीत.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला रेझांग लाच्या नूतनीकरण केलेल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. संरक्षणमंत्री राजनाथसिंग एका वृद्ध अधिकाऱ्याची व्हीलचेअर स्वतः ढकलत नेत असल्याचं छायाचित्र तेव्हा सगळीकडे छापून आलं. व्हीलचेअरमध्ये होते निवृत्त ब्रिगेडियर आर. व्ही. जटार, १९६२ मध्ये १३ कुमाऊंतून लढलेले. छायाचित्र फार हृद्य होतं. अशा माणसासमोर टेपरेकॉर्डर घेऊन चार दिवस बसणं छायाचित्राइतकं दिसत नाही, पण त्यातून जे मिळतं ते स्मारकावर मावत नाही.

दुसऱ्यांनी हे केलंय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००० साली ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ सुरू केला. कोणीही साधा नागरिक माजी सैनिकाची किमान अर्ध्या तासाची मुलाखत मुद्रित करून पाठवू शकतो. आपल्या अधिक जवळचं उदाहरण बांगलादेशचं. ढाक्याच्या मुक्तियुद्ध संग्रहालयाने शाळेतल्या मुलांना कामाला लावलं. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला १९७१ मध्ये काय पाहिलं ते विचारा आणि लिहून पाठवा. हजारो हकीकती जमल्या. ज्याचे कागद कोलकात्यात, पूर्व कमांडकडे, कापले गेले, त्या युद्धाची दुसरी बाजू तिकडे शाळकरी अक्षरात जपून ठेवली आहे.

सातारा, कोल्हापूर, सांगली, नगर, रायगड, सिंधुदुर्ग, कुठल्याही जिल्ह्यात माजी सैनिक नाही असा तालुका सापडणं कठीण. तुमच्या ओळखीत १९६५ किंवा १९७१ पाहिलेले एखादे सुभेदार किंवा हवालदार असतील, तर पुढच्या सुट्टीत मोबाइल त्यांच्यासमोर ठेवा. ‘युद्धात कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ते सव्वीस जानेवारीच्या भाषणांत पन्नासदा देऊन बसले आहेत. पलटण कुठली, कंपनी कुठली, सेक्शन कमांडर कोण, हातात कुठलं हत्यार, त्या दिवशी काय खाल्लं, पाणी कुठून आणलं, रात्री चंद्र होता का, हे विचारा. उत्तरं ताडून पाहता येतील अशी घ्या. डिस्चार्ज बुकाचा फोटो काढा. ‘आठवत नाही’ म्हणाले तर तेही तसंच नोंदवा. आणि उजव्या हाताच्या मोर्च्यात कोण होतं, डाव्या हाताच्या मोर्च्यात कोण होतं, त्यांचं गाव कुठलं, हे विचारल्याशिवाय उठू नका.